जुन्या गाडीचा ऑइल ड्रेन बोल्ट गळतोय? अजून आवळायच्या आधी या चुका टाळा

आपल्या साताऱ्यात अजून भरपूर जुन्या गाड्या रोज पळतायत, मारुती ८००, ओम्नी, कमांडर जीप, शेतावर जाणारी स्प्लेंडर. ऑइल बदललं की दोन-चार दिवसांत खाली फरशीवर काळा डाग दिसतो, आणि मग सगळे एकच करतात, पाना घालून ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा इंजिनखालचा बोल्ट, अजून आवळतात. कृपा करून हे करू नका. गळती आटे थांबवत नाहीत, ती थांबवतो बोल्टच्या डोक्याखालचा वायसर. नळाचा वायसर गेल्यावर नळ कितीही पिळला तरी थेंब पडतोच ना, तसंच आहे हे.

बोल्ट लोखंडी असतो आणि बऱ्याच गाड्यांचं, दुचाकीचं तर हमखास, चेंबर (इंजिनच्या तळाचा ऑइल साठणारा भाग) ॲल्युमिनियमचं. जोर लावला की बोल्टला काही होत नाही, चेंबरचे आटे निघून येतात, म्हणजे काही रुपयांच्या वायसरपायी हजारांचं काम. पत्र्याचं चेंबर असेल तर आतली वेल्ड केलेली नट हलते नाहीतर तिच्याभोवतीचा पत्रा आत दबतो, आणि मग नवीन वायसर टाकूनसुद्धा तो सपाट बसत नाही.

आधी गळतंय कुठून ते बघा

ड्रेन बोल्ट सगळ्यात खाली असतो, त्यामुळं वरून कुठूनही आलेलं ऑइल शेवटी त्याच्यावरूनच थेंब थेंब पडतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, क्रँकचं सील, यातलं काहीही असू शकतं. खालचा भाग रॉकेलनं किंवा डिझेलनं पुसून कोरडा करा, साधी टाल्कम पावडर मारा, गाडी थोडी फिरवून आणा. पावडर वरून ओली होत आली असेल तर बिचाऱ्या बोल्टचा काही दोष नाही.

वायसरच्या चुका

जुनाच वायसर परत टाकणं ही तर नेहमीची. दुसरी जास्त फसवी आहे, जुना वायसर चेंबरला चिकटून तसाच राहतो, ऑइल-मळीत दिसत नाही, त्याच्यावर नवीन बसवला जातो आणि दोन वायसरच्या मधून ऑइल झिरपत राहतं. बोट फिरवून बघा, कडा लागली तर स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथूनच वाट होते, नखानं किंवा लाकडी पट्टीनं काढा. तांब्याचा वायसर मिळत नसेल तर जुना गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं त्यानं परत मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग नको, ते आधीच वितळून जाईल. घडीचा, म्हणजे दाबून चपटा होणारा वायसर एकदाच वापरायचा.

टेफ्लॉन टेप, एम-सील, सिलिकॉन हे सगळं सपाट वायसरच्या बोल्टला लावू नका. टेपचे तुकडे आणि सिलिकॉनचे गोळे आत पडून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, आणि इंजिनला ऑइल कमी पडलं की काय होतं ते सांगायला नको. काही जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला निमुळत्या आट्याचे प्लग असतात, त्यांना सीलंट चालतं, तो प्रकार वेगळा.

बसवताना बोल्ट आधी हातानं उलटा फिरवा, आटा जागेवर पडल्याचा हलका टक्क लागतो, मग सुलटा. चार-पाच आटे हातानंच गेले पाहिजेत, अडला तर बाहेर काढा, पान्यानं ढकलू नका, तिरका गेला की संपलं. शेवटचं आवळताना पान्याला पाइप लावून नाही. कारच्या १४ एमएम आट्याच्या बोल्टला साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप), दुचाकीला बहुतेक २० ते २५, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा. बोल्टचं डोकं गोल झालं असेल किंवा कास-बामणोलीकडच्या रस्त्यावर दगडाला घासून खाल्लं असेल तर बोल्टच नवीन घ्या, आटा आणि लांबी जुन्याशी जुळवून.

आटे गेलेच तर?

ओव्हरसाइज बोल्ट घरी पोहोचण्यापुरता ठीक. पण तो स्वतःच आटे कापत आत जातो, जरा तिरका गेला तर चेंबरला चीर पडते आणि पुढच्या वेळी ऑइल बदलताना परत तेच रडगाणं. एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल (स्प्रिंगसारखी आट्यांची तार) किंवा बुश (आटे पाडलेली नळी) बसवून घ्या, आटा परत मूळ मापाचा मिळतो. जमलं तर चेंबर उतरवूनच करा. उतरवत नसाल तर टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, भरपूर ग्रीस लावायला सांगा म्हणजे धातूचा बुरा त्यालाच चिकटेल, आणि नंतर थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून जाऊ द्या म्हणजे उरलेला बुरा धुऊन निघेल.

ऑइल भरल्यावर ५ मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून थोडं थांबा, डिपस्टिक बघा. रात्री बोल्टच्या बरोबर खाली एक कोरा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी तो कोरा असेल तर झालं काम.