भिंतीवरची पाल कोणत्या जातीची? अशी ओळखा

महाराष्ट्रातल्या घरांत निदान तीन तऱ्हेच्या पाली सापडतात, कधी कधी एकाच ट्यूबलाइटभोवती: ब्रूकी गटातली, फ्रेनेटस आणि फ्लॅव्हिव्हिरिडिस. ही शास्त्रीय नावं; तिन्ही हेमिडॅक्टिलस या एकाच वंशातल्या. ओळखताना रंग मात्र सगळ्यात शेवटी बघायचा. दिवसा काळपट पट्ट्यांची दिसलेली पाल रात्री दिव्याखाली पांढुरकी होते आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

१. आधी फोटो काढा. पकडायला जाऊ नका, घाबरली की शेपूट टाकते. बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाडला तर पाठीवरचे खवले उठून दिसतात.

२. पाठ बघा. पाठभर ओळीने खरखरीत दाणे आणि गडद ठिपके असतील, तर ती ब्रूकी गटातली. पूर्वी या सगळ्या एकच जात मानल्या जात; आता त्यांच्या अनेक जाती केल्या आहेत. फोटोवरून पुढचं नाव ठोकून देऊ नये, ‘ब्रूकी गट’ एवढंच लिहावं.

३. पाठ गुळगुळीत वाटली तर शेपटीकडे या. खरी गंमत इथे आहे. हेमिडॅक्टिलस फ्रेनेटसच्या शेपटीवर थोड्या थोड्या अंतराने टोकदार, काटेरी खवल्यांचे वेढे असतात. फ्लॅव्हिव्हिरिडिसची शेपूट चपटी, तिच्यावर असे ठळक काटे नसतात. ही पाल अंगानेही थोराड. पण शेपूट मूळची आहे ना, ते तपासा. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीवर काटे येत नाहीत. नक्षी मध्येच एकदम बदलली असेल, तर त्यापुढच्या भागावर विसंबू नका.

४. पाल खिडकीच्या काचेवर असेल तर पलीकडून पोट दिसतं. फ्लॅव्हिव्हिरिडिसचं पोट पिवळसर असतं. नराच्या मांड्यांखाली बारीक छिद्रांची रांग असते: फ्रेनेटसमध्ये ती एका मांडीपासून दुसरीपर्यंत सलग जाते, फ्लॅव्हिव्हिरिडिसमध्ये मधे खंड पडतो. फोटो स्पष्ट असेल तर यासारखा पुरावा नाही.

५. आवाज ऐका. ‘चक् चक् चक्’ अशी खणखणीत चुकचुकते ती बहुधा फ्रेनेटस. आपल्याकडे शंकेची पाल चुकचुकते, ती हीच असावी!

६. घराबाहेर यादी बदलते. झाडाच्या खोडाला चिकटलेली मोठी, राखाडी पाल याच वंशातली लेशेनॉल्टी ही जात असू शकते. सह्याद्रीतल्या कातळांवर, गुहांत भलीमोठी ठिपकेदार मॅक्युलेटस भेटते, तीही याच वंशातली. आणि डोळ्याची बाहुली उभ्या फटीऐवजी गोल असेल, बोटं बारीक, पसरट गाद्यांशिवायची असतील, तर ती निमास्पिस या वेगळ्याच वंशातली. तिला वरच्या खुणा लावत बसू नका.