बाबांना ऑटोनॉमिक टेस्टला नेताना काय काय तयारी करायची

आमच्या बाबांचं विसरणं नंतर सुरू झालं, आधी चक्कर यायची. पहाटे बाथरूमला उठले की भिंत धरून उभे राहायचे, कोठा तर कित्येक वर्षं साफ नव्हताच, आणि मग कोपऱ्यात लहान मुलं बसलीयत असं सांगायला लागले तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांनी लेवी बॉडी डिमेन्शियाचा (मेंदूत एक प्रोटीन साचून होणारा विसरण्याचा आजार) संशय घेऊन ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट आणि २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून घरी न्यायचं ठोके नोंदवणारं मशीन, लिहून दिलं. पहिल्या वेळी आम्ही नेहमीचा ईसीजी असतो तसं समजून गेलो आणि सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं, दुसऱ्या वेळी तयारी करून गेलो तेव्हा नीट झालं. तुमच्या घरी कुणाची ही टेस्ट असेल तर आमच्यासारखी फेरी फुकट जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एवढं समजून घ्या की या टेस्टमध्ये हृदय चांगलं की वाईट ते बघत नाहीत, हृदयावर आणि बीपीवर आपोआप हुकूम चालवणाऱ्या नसा बघतात, त्यांनाच ऑटोनॉमिक म्हणतात. ठोके घड्याळासारखे एकसारखे नसतात, श्वास आत घेतला की थोडे जवळ येतात, सोडला की लांबतात, हे व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या नसेचं काम आणि दोन ठोक्यांमधलं अंतर असं कमीजास्त होणं म्हणजेच एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी). लेवी बॉडीमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन हृदयापर्यंत जाणाऱ्या नसांमध्येही साचतं, त्यामुळे हा फरक कमी होऊ शकतो. १९९६ साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मिळून याचे नियम ठरवले, त्यात छोटं रेकॉर्डिंग ५ मिनिटांचं, म्हणजे तुमच्या माणसाने ५ मिनिटं न बोलता, न हलता, न झोपता पडून राहायचं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण डिमेन्शियाच्या माणसाला ही ५ मिनिटं सगळ्यात अवघड जातात, आणि पुढची सगळी तयारी त्या ५ मिनिटांसाठीच आहे.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा की पेशंटला डिमेन्शिया आहे, सोबत एक माणूस आत थांबू द्या आणि सकाळची वेळ द्या. संध्याकाळी बाबांची चलबिचल वाढते, चारनंतर तर घरी जायचं घरी जायचं एवढंच सुरू असतं. त्याच फोनवर विचारा की पेसमेकर असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर टेस्ट होते का, कारण ठोके मशीनने चालत असतील किंवा मुळातच अनियमित असतील तर एचआरव्हीच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, बीपीचा भाग मात्र तरीही करता येतो.

मग औषधं, आणि इथे घाई अजिबात करू नका. सगळ्या गोळ्या एका कागदावर, नाव, डोस, घ्यायची वेळ, आणि पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये. स्मरणशक्तीसाठी देतात ती डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिनचा पॅच, यांनी ठोके मंद होतात. बीपीचं मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोस्टेटचं टॅमसुलोसिन, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनसाठीचं लेव्होडोपा, एवढंच काय सर्दीची झोप आणणारी गोळीसुद्धा ठोक्यांवर नाहीतर बीपीवर परिणाम करते. पण म्हणून स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका, बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल-अटेनोलॉलसारखी गोळी, अचानक सोडली तर बीपी आणि ठोके एकदम उसळतात, आणि डोनेपेझिल तर शरीरातून अर्धं जायलाच साधारण ७० तास लागतात, त्यामुळे त्या सकाळची गोळी चुकवून उपयोग काहीच नाही. काय चालू ठेवायचं काय थांबवायचं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर घ्या. शुगर असेल तर जुने एचबीएवनसीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे) रिपोर्टही फाइलला लावा, कारण डायबेटीसनेही ह्याच नसा खराब होतात आणि मग नेमकं कशामुळे झालं ते डॉक्टरांना वेगळं करावं लागतं.

आठवडाभर आधीपासून एकच सराव करून घ्या, तो म्हणजे श्वासाचा. लॅबमध्ये मिनिटाला ६ श्वास घ्यायला लावतात, ५ सेकंद आत, ५ सेकंद बाहेर. बाबांना आकडे मोजून सांगितलं की गोंधळायचे, मग मी नुसता हात सावकाश वर नेला की श्वास आत, खाली आणला की बाहेर, असं रोज जेवणाआधी मिनिटभर केलं आणि चौथ्या दिवशी ते हाताकडे बघून आपोआप करायला लागले. लॅबमध्येही तोच हात वापरायची परवानगी मागा. नळीत १५ सेकंद जोराने फुंकायची टेस्ट असते, ती मात्र घरी करून बघू नका, बीपीची उलथापालथ होते, आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा हृदयाचा आजार असेल तर तसं आधी सांगायचं. समजून सहकार्य करावं लागतं अशा टेस्ट जमल्या नाहीत तर रागावू नका, आडवं पडून आणि उभं राहून जे मिळतं त्यातूनही पुष्कळ कळतं.

आदल्या रात्रीपासून चहा, कॉफी, तंबाखू बंद, आणि घरात आजी असतील तर मिश्रीसुद्धा, कारण तीही तंबाखूच आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. आम्ही पहिल्या वेळी नेमकं हेच केलं, वेटिंगमध्ये बाबा कंटाळले म्हणून चहा पाजला. सकाळी हलका नाश्ता दोन-तीन तास आधी, इन्सुलिनवाल्याला उपाशी नेऊ नका. पाणीसुद्धा टेस्टच्या तोंडावर तांब्याभर गटागटा पाजू नका, ज्यांच्या या नसा कमजोर असतात त्यांचं बीपी अर्धा लिटर पाण्यानेही चांगलंच वर जाऊ शकतं. आत जायच्या आधी लघवीला नेऊन आणा. अंगाला तेल-पावडर नको, पट्ट्या चिकटत नाहीत. कपडे पुढून बटणांचे, आणि शाल हवीच, एसीत कुडकुडले की रेकॉर्डिंगमध्ये थरथर येते. चष्मा, कानाचं मशीन विसरू नका. बाबा माळकरी आहेत, पहिल्या वेळी तिथल्या माणसाने तुळशीची माळ काढा म्हटल्यावर ते इतके बिथरले की तासभर ठोके खाली आले नाहीत, दुसऱ्या वेळी मी आधीच विचारून ठेवलं आणि माळ नुसती खांद्याकडे सरकवली, काही अडलं नाही. एक मात्र, शांत पडायच्या ५ मिनिटांत हरिपाठ म्हणू देऊ नका, म्हणताना श्वासाची लय बदलते आणि आकडेही बदलतात. त्याआधी म्हणू दे हवा तेवढा, आमचे बाबा त्यानेच शांत झाले.

उभं राहायच्या टेस्टला तुम्ही जवळ थांबा. आडवं असताना बीपी घेतात आणि मग उभं करून ३ मिनिटांपर्यंत, वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर ते नोंदवण्यासारखं. तेव्हा नाडी किती वाढली तेही लिहून मागा, कारण वरचं बीपी समजा ३० ने पडलं आणि नाडी १५ नेही वाढली नाही, तर घोटाळा नसांकडे असण्याची शक्यता जास्त, नुसतं पाणी कमी पडलं असतं तर नाडी पळाली असती.

होल्टर लावून घरी आलात की आंघोळ नाही, आणि वायर ओढल्या जाऊ नयेत म्हणून वरून घट्ट बंडी, त्यावर सदरा. डायरी तुम्हीच लिहायची, किती वाजता गोळी, जेवण, चक्कर, जिना, भांडण, शौचाला जोर लावला तेसुद्धा. आणि रात्री झोपेत ओरडले, लाथा मारल्या तर वेळेसकट लिहा, लेवी बॉडीमध्ये या लक्षणाला फार महत्त्व आहे, आम्हाला ते वर्षानुवर्षं नुसतं स्वप्न वाटायचं. स्मार्टवॉचमधला एचआरव्हीचा आकडा लॅबच्या आकड्याशी लावून बघू नका, मोजायची रीतच वेगळी.

रिपोर्ट आला की लो एचआरव्ही एवढं वाचून घरातल्या ग्रुपवर टाकू नका. वयाने, शुगरने, औषधांनीही तो कमी होतो, एकट्या या आकड्यावर डिमेन्शिया ठरत नाही. लेवी बॉडी ओळखण्याच्या २०१७ च्या निकषांतही ऑटोनॉमिक बिघाड हा त्याला दुजोरा देणारा मुद्दा आहे, मुख्य लक्षणं वेगळीच, भास होणं, झोपेतलं ओरडणं-हातपाय झाडणं, शुद्धीत होणारे चढउतार, हालचालीतला ताठरपणा. पण आमच्या बाबतीत या टेस्टने एक फार मोठं काम केलं, उभं राहिल्यावर बीपी पडतं हे कागदावर आलं, त्यानंतर डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी बदलली आणि बाबा पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायला लागले.

पट्ट्या ओढून काढू नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलून निघते, कडेला खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबलं की अलगद सुटतात. आणि थर्मासमध्ये चहा घेऊन जा, टेस्ट झाल्या झाल्या द्यायला, सकाळपासून मागत असतात बिचारे.