फाटक दिसलं म्हणून गल्ली बंद करू नका

आमच्या इंदूरच्या कॉलनीत मागच्या गल्लीच्या मधोमध लोखंडी फाटक आहे. गाड्यांसाठी कायम कुलूप, पण त्यातली दिंडी, म्हणजे माणसांपुरतं छोटं दार, दिवसभर उघडी. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येते अशा खुल्या नकाशावर, मी त्या अख्ख्या गल्लीला ‘अ‍ॅक्सेस=नो’ ही नोंद (टॅग) लावून टाकली होती. मग मे महिन्यात शेजारच्या काकूंना इंजेक्शन द्यायला नवीन नर्स पायी आली, मोबाइलवर नकाशा बघत. नकाशाने तिला मेन रोडवरून पाऊण किलोमीटर फिरवलं. घामाने निथळलेली ती दारात उभी राहिली, तो चेहरा मी विसरलेलो नाही.

‘अ‍ॅक्सेस=नो’ म्हणजे सगळ्यांनाच मनाई, पायी चालणाऱ्यालाही. म्हणून आधी बघा, मनाई नेमकी कोणाला? फक्त मोटारगाड्यांना असेल तर ‘मोटर_व्हेइकल=नो’. मालकाच्या परवानगीशिवाय कोणीच जायचं नसेल तर ‘प्रायव्हेट’. तिथे काम असलेल्याने यावं, पण आरपार जाऊ नये, असा नियम असेल तर ‘डेस्टिनेशन’. या शेवटच्या दोघांची गल्लत फार होते.

अडवणूक जिथे आहे तिथेच नोंदवा. रस्त्यावर फाटकाचा बिंदू टाका, ‘बॅरियर=गेट’, आणि त्याच बिंदूला ‘मोटर_व्हेइकल=नो’, ‘फुट=येस’. गल्लीला हात लावू नका. दोन्ही बाजूंच्या घरांपर्यंत गाड्या जातातच की.

पाटी असेल तर जवळ जाऊन शेवटची बारीक ओळसुद्धा वाचा. ‘भारी वाहनों का प्रवेश निषेध’ मोठ्या अक्षरांत असतं, वेळ खाली, कधी पोस्टरखाली झाकलेली. सकाळी 8 ते रात्री 10 असेल तर ‘एचजीव्ही:कंडिशनल=नो @ (08:00-22:00)’; एचजीव्ही म्हणजे अवजड मालवाहू गाड्या. इथे नुसतं ‘एचजीव्ही=नो’ लिहिलंत तर रात्री माल आणणाऱ्या ट्रकलाही तुम्ही विनाकारण अडवलंत.

गर्दी म्हणजे मनाई नव्हे. इंदूरच्या सराफा बाजारात दिवसा दागिने, रात्री खाण्याचे ठेले. गाडी घालायची सोयच नसते. तरी पाटी किंवा आदेश नसेल तर बंदी लिहू नका. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी (चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी) एका रात्रीपुरता बंद झालेला रस्ताही तसाच राहू द्या. लोक नकाशा डाउनलोड करून महिनोन्‌महिने तोच वापरतात.

दुसऱ्या नकाशावरून काही उतरवू नका. बदल सेव्ह करताना दोन शब्द लिहा: काय पाहिलं, कधी पाहिलं. आमच्या फाटकाची दुरुस्ती करताना मी लिहिलं, ‘दिंडी उघडी, स्वतः चालत गेलो.’