पुरलेल्या तारेचं गणित मांडताना जमिनीचे थर वेगळे धरा

सोलापूरकडच्या शेतात खड्डा घेतला की वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. अर्थिंगची पट्टी किंवा पुरलेली तार संगणकावर मांडताना या सगळ्याला रोधकतेचा (माती विजेला किती अडवते, त्याचा) सरासरी एकच आकडा देऊ नका. उत्तर हमखास चुकतं.

आधी ही रोधकता वेनर पद्धतीनं मोजा. चार सळ्या एका रेषेत, सारख्या अंतरावर. अंतर २ मीटर आणि मोजणी यंत्रावर १.२ ओहम आले, तर रोधकता २ × ३.१४ × अंतर × ओहम, म्हणजे २ × ३.१४ × २ × १.२, साधारण १५ ओहम-मीटर. अंतर वाढवत न्या. आकडा चढू लागला की समजा, कातळ बोलतोय. त्या आकड्यांवरून संगणकात निदान दोन थर बसवाच. आणि मे महिन्यात, माती भेगाळलेली असताना एकदा मोजाच. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो.

आता बहुतेकांची चूक होते ती जागा. संगणक तारेचं गणित छोट्या तुकड्यांत करतो; हे तुकडे पाडताना हवेतली तरंगलांबी धरू नका. १ मेगाहर्ट्झ वारंवारतेला ती हवेत ३०० मीटर. १० ओहम-मीटरच्या ओल्या काळ्या मातीत जेमतेम १० मीटर. तुकडा तिच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे मीटरभर ठेवा, पण तारेच्या जाडीपेक्षा बराच लांब. तार थर ओलांडत असेल, तर सांधा बरोबर सीमेवर यायला हवा. एकच तुकडा अर्धा मातीत, अर्धा मुरुमात नको.

उथळ कातळ असेल तर खोल सळईच्या मागे लागू नका. काळ्या मातीतच आडवी लांब पट्टी टाका.