बेकेटशी ओळख करून देताना: नाशिकच्या वाचनकट्ट्यांसाठी

शिरवाडकर आणि कानेटकरांच्या या गावात ज्याचा कान भारदस्त संवादांवर तयार झालाय, त्याच्या हातात एकदम आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ ठेवू नका. काहीच घडत नाही म्हणून तो पुस्तक मिटेल आणि बेकेटचं नाव कायमचं टाकेल.

सुरुवात ‘क्रॅप्स लास्ट टेप’पासून (१९५८) करा. रंगमंचावर एकच माणूस. ६९ वर्षांचा क्रॅप वाढदिवसाला आपलीच ३९व्या वर्षीची टेप ऐकत बसतो. हे नुसतं वाचून हाती लागत नाही. टेपवरचा भाग एकाकडून आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. इथे नेहमी एक चूक होते: वाचणारा रडवेला, थकलेला सूर लावतो. संहितेत मात्र तो आवाज ठणठणीत, थोडा आढ्यतेचा हवा असं स्पष्ट लिहिलंय. दोन्ही आवाज सारखेच झाले की मधली तीस वर्षं नाहीशी होतात.

क्रॅप टेप कुठे थांबवतो, कुठे पुढे ढकलतो, कुठे मागे नेतो, त्या जागांवर लाल पेन्सिलीने खुणा करा आणि मोबाइल नवख्याच्याच हातात द्या. तरुण क्रॅप धक्क्यावरच्या त्या रात्रीच्या साक्षात्काराबद्दल मोठ्या थाटात बोलू लागतो, तेव्हा म्हातारा शिव्या घालत टेप पुढे पळवतो. होडीतल्या मुलीचा प्रसंग मात्र पुन्हा लावून ऐकतो. ही बटणं स्वतः दाबली की नाटक कशाबद्दल आहे ते सांगावं लागत नाही.

‘पॉज’ लिहिलंय तिथे मनात तीन आकडे मोजा. वाचणाऱ्याला शांततेचा संकोच वाटतो आणि तो विराम खाऊन टाकतो. बेकेटचं वाचन फसतं ते बहुतेक वेळा इथेच. पंखा बंद ठेवा. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसणार असाल तर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा.

मग ‘गोदो’. प्रयोग पहिल्यांदा झाला ५ जानेवारी १९५३ला, पॅरिसमध्ये, फ्रेंचमधून; इंग्रजी रूपांतर बेकेटचंच. पात्रं पाच, पण माणसं सहा बोलवा. सहाव्याने रंगसूचना मोठ्याने वाचायच्या, कारण बूट, टोप्या आणि गाजर यांतच निम्मा विनोद आहे. अस्तित्ववादावर प्रास्ताविक करू नका. ते ऐकलेला माणूस मग हसायला धजावत नाही. लकी या पात्राचं लांबलचक भाषण ज्याच्याकडे असेल त्याने घरून तालीम करून यावं आणि एका दमात म्हणावं. अर्थासाठी मध्ये थांबलात तर ते कोसळतं. बाकीच्यांनी संहितेत दिल्याप्रमाणे आधी लक्ष द्यायचं, मग कंटाळायचं, शेवटी असह्य होऊन त्याला आवरायचं.

दुसरा अंक चहा घेऊन त्याच संध्याकाळी वाचा. पहिला ताजा असेल तरच त्यातल्या बोडक्या झाडाला आता फुटलेली चार-पाच पानं डोळ्यांत भरतात.

नाटकभर ज्याची वाट पाहतात तो गोदो म्हणजे देव का, हे कुणीतरी विचारणारच. मला ठाऊक असतं तर नाटकातच सांगितलं असतं, असं बेकेटने दिग्दर्शक ॲलन श्नायडरला उत्तर दिलं होतं. तेवढं सांगा आणि पुढे वाचा.

‘एंडगेम’ सगळ्यात शेवटी. ते जास्त कठोर आहे. इंग्रजीची भीती असलेल्यांना ‘ॲक्ट विदाउट वर्ड्स’ द्या, त्यात संवादच नाहीत. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा बेत असेल, तर आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. बेकेट १९८९मध्ये वारले, त्यामुळे आपल्या कायद्याप्रमाणे हक्क २०४९ अखेरपर्यंत आहेत.