रक्तदान शिबिर: लोकांच्या कळवळ्याचं नियोजन

मोठा अपघात झाला की रक्तपेढीबाहेर रांग लागते. मे महिन्यात मात्र कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि तीच रक्तपेढी दात्यांना फोन करत बसते. कळवळा खराच असतो, पण तांबड्या पेशी टिकतात 35 ते 42 दिवस, प्लेटलेट्स जेमतेम 5. म्हणून अपघाताच्या दिवशी रक्तपेढीला विचारून लागतील तेवढेच दाते आत पाठवा. बाकीच्यांचं नाव, रक्तगट, फोन लिहून घ्या आणि पुढच्या काही आठवड्यांतली तारीख तिथल्या तिथे ठरवा. ‘कळवतो’ म्हणून निघालेला माणूस सहसा परत येत नाही.

आवाहनात टंचाईचे आकडे नकोत. थॅलेसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या एका मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, एवढंच सांगा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एकाच गरजू मुलीची माहिती वाचून लोकांनी जास्त पैसे दिले. तिच्या जोडीला आकडेवारी दिली, तर देणगी घटली. मुलाचं नाव, फोटो मात्र वापरू नका.

‘सगळे देताहेत, तू का नाही?’ हे तर अजिबात नको. भिडेखातर आलेला माणूस फॉर्मवर कावीळ किंवा नुकताच काढलेला टॅटू लपवतो, आणि ते रुग्णाला भोवतं.

भीतीचाही बंदोबस्त लागतो. एकाला चक्कर आली की पाहणारे दोघं-तिघं पांढरे पडतात, त्यामुळे वाट पाहणाऱ्यांच्या खुर्च्या खाटांकडे पाठ करून मांडा. संकष्टी-एकादशीला शिबिर ठेवलंत तर उपाशी दाते येतील, मग चक्कर आलीच! दात्याने आधी खाल्लेलं असावं, अर्धा लिटर पाणी प्यावं; सुई असताना पायांना अढी घालून मांड्या आवळत-सोडत राहावं. नंतर दहा-पंधरा मिनिटं आडवं किंवा बसून राहायचं. चहा-बिस्किटं खाटेपासून लांब ठेवली की लोक घाईने उठतात.

हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आलं म्हणून परत पाठवलेला माणूस हिरमुसतो, विशेषतः बायका. त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवा, आणि डॉक्टरांना दाखवायला आवर्जून सांगा.

आभाराचा मेसेज त्याच संध्याकाळी जावा. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांनंतरची नेमकी तारीख त्यातच लिहा, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करा.