पुण्यात भाड्याने राहताय? डिपॉझिटची तजवीज घरात शिरतानाच करा

नांदेड, लातूर, अकोल्याहून पुण्यात आलेल्यांची सगळ्यात मोठी रक्कम पहिल्याच आठवड्यात हातातून जाते, ती डिपॉझिटची. दोन-तीन महिन्यांचं भाडं सर्रास मागतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात (राज्यांसाठीचा नमुना) डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण राज्याने कायदा केल्याशिवाय ती इथे लागू होत नाही. तेव्हा तिच्यावरून मालकाशी हुज्जत घालू नका, रक्कम कमी करून घ्यायचा प्रयत्न करा. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या, तेही करारात ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यावर. एजंटच्या खात्यावर कधीच नाही.

‘नोटरी करून घेऊ, चालतं’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा) नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. म्हणजे नोटरीवर फसलेल्यांचाही हक्क बुडत नाही.

खर्च फार नाही. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, त्यात डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेपाचशेच्या थोडं वर. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय नोंदणी करून देणाऱ्या एजंटची फी. हा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. नोंदणी झाली की कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मागून घ्या.

अंगठा देण्याआधी मसुदा शांतपणे वाचा, कारण डिपॉझिटचं भांडण पुढे त्याच ओळींवर होतं. रक्कम, भरल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक, मालकाचा कायमचा पत्ता हे सगळं त्यात हवं. ‘ताबा परत देताना त्याच वेळी डिपॉझिट परत, कपात फक्त थकबाकी आणि प्रत्यक्ष नुकसानीची, बिलासह’ एवढं वाक्य घालून घ्या. ‘रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं’ अशी ओळ असेल तर तिथेच खोडायला सांगा. सही झाल्यावर ती तुमच्यावर बंधनकारक ठरते. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटीसचा काळही बघा. नेहमीच्या वापराने घराची होणारी झीज भाडेपट्ट्याच्या कायद्यात (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०८) भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. लिव्ह अँड लायसन्सला मात्र करारातले शब्दच आधी बघतात, म्हणून हेही लिहून घ्या.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. सिंकखालची ट्रॉली उघडा, पाणी लागून फुगलेला प्लाय बहुतेक तिथेच सापडतो. गिझर चालू करून बघा. बेसिनची चीर, जाळीची भोकं, भिंतीवरची ओल जवळून घ्या. वीज मीटरचा नंबर आणि रीडिंग टिपा, आणि हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा.

सोडताना नोटीस लेखी द्या. महावितरणचं शेवटचं बिल नंतर येतं, म्हणून त्या दिवसाच्या रीडिंगवरून हिशेब करून लिहून ठेवा. मालकासोबत घर बघा, कपातीचा कागद तिथेच करा आणि पैसे खात्यात आल्यावर चाव्या द्या. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करू’ हे मालकाने लेखी मान्य केलं तरच करा, नाहीतर ती थकबाकी ठरते. पैसे मिळेपर्यंत घर अडवून बसणं तर फारच महागात पडतं: मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट भाडं मागता येतं. मालक पैसे देत नसेल तर ताबा दिल्याची लेखी पोच घेऊन बाहेर पडा.

मग वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तरी दाद नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तडजोड जमली नाही तर दिवाणी दावा. त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांवर ती जाऊ देऊ नका.